पुरात बुडालेला माल आणि दोन लाखांचं कर्ज: बडोद्यातलं एक जकात प्रकरण

हे प्रकरण मार्च 2025 मधल्या रमजानचं आहे. इथली जकात म्हणजे नाक्यावरचा कर नव्हे, तर ऐपत असलेल्या मुसलमानाने दरवर्षी आपल्या शिलकीच्या अडीच टक्के हकदारांना द्यायचं बंधनकारक दान. कुटुंब बडोद्याचं, धंदा पतंग बनवण्याचा. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. कर्जाचा हिशेब मात्र होता तसाच मांडला आहे. जकात गोळा करून वाटणारा आमचा गट लहान: मोहल्ल्यातले काही व्यापारी, एक डॉक्टर, दोन शिक्षिका आणि वहीखातं बघणारी मी. माझे वडील कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला लागले आणि आम्ही रत्नागिरीहून इथे आलो. घरात अजून मराठीच चालते. या प्रकरणातल्या भाभींचं माहेर नंदुरबारचं, त्यामुळे गटातल्या पुरुषमंडळींना न कळलेलं बरंच काही त्यांनी मला मराठीत सांगितलं.

रमजानात आपल्याकडे जकातीचा मोठा भाग रेशन किट, कपडे आणि मदरशांच्या पावत्या यांत जातो. त्या गरजा खऱ्याच आहेत. पण कुराणातल्या सूरह तौबाच्या 60व्या आयतीत जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत गारिमीन, म्हणजे कर्जात बुडालेली माणसं, हा वेगळा हकदार आहे. त्याच्या वाट्याला आपल्या कमिट्यांकडून फार थोडं येतं, कारण ते काम किचकट आहे. किट उचलून दिलं की झालं. कर्ज फेडायचं तर कागद बघावे लागतात, सावकाराच्या दारात जावं लागतं, घरातली लपवलेली वही बाहेर काढावी लागते. तरीही हे काम झालंच पाहिजे असं मला ठामपणे वाटतं. ज्या घरातून दर महिन्याला पाच हजार रुपये व्याजापोटी बाहेर जातात, तिथे दिलेल्या दीड हजाराच्या किटने त्या घराचं काय भलं होणार?

घर आणि पूर

पतंगांचा धंदा उत्तरायणाचा, म्हणजे 14 जानेवारीचा. पण काम जवळजवळ वर्षभर चालतं. फेब्रुवारीपासून कागद कापायचा, ढढ्ढा आणि कमान, म्हणजे बांबूची उभी आणि वाकवलेली काडी, चिकटवायची, कोडी-कोडीने, म्हणजे वीस-वीसचे गठ्ठे बांधून रचून ठेवायचे. दिवाळीनंतर गेंडीगेटकडचे व्यापारी माल उचलतात. या घरात भाई, भाभी, कॉलेजच्या वाटेवरची मुलगी आणि भाईंची आई, असे चौघे हात चालायचे. मोठा मुलगा हालोलला कारखान्यात नोकरीला, तिथेच खोली घेऊन राहतो.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस विश्वामित्री नदीला पूर आला तेव्हा खोलीत सुमारे तीन हजार कोडी माल तयार होता. म्हणजे साठ हजार पतंग. घर नदीकाठच्या सखल वस्तीत. पाणी रात्रीत चढलं, माणसं गच्चीवर गेली, माल खालीच राहिला. मी सात महिन्यांनी त्या खोलीत गेले तेव्हाही भिंतीवर माझ्या छातीच्या उंचीवर पाण्याची रेघ होती आणि तिच्याखाली चुन्यात गुलाबी, जांभळा, पोपटी असे रंग उतरलेले होते. गठ्ठे ओले होऊन एकमेकांना असे चिकटले की फावड्याने तोडून काढावे लागले, असं भाभी म्हणाल्या. पंचनामा झाला तो घर म्हणून. घरातल्या खोलीत चालणाऱ्या धंद्याचा कागद नव्हता, त्यामुळे मालाची भरपाई मिळाली नाही.

उत्तरायण चार महिन्यांवर आलेलं. भाईंनी पुन्हा कागद उचलला, पुन्हा बांबू घेतला, आणि पैसे उभे करायला जे दार उघडं दिसलं त्यात शिरले. अर्धाच माल तयार झाला, तोही उशिरा. 15 जानेवारीला हातात जे आलं त्यात घरखर्च आणि हप्ते भागले, मुद्दल तसंच राहिलं.

कर्जाची यादी

भाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला दोनच कर्जं सांगितली. बाकीची भाभींच्या वहीत होती. मुलीच्या जुन्या वहीची उरलेली पानं, त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख.

कागदवाल्या व्यापाऱ्याची उधारी 68,000, बिनव्याजी. एका व्याजखोराकडून सप्टेंबरमध्ये घेतलेले 50,000, महिना दहा टक्क्यांनी. पहिलं व्याज आधीच कापून त्याने हातात 45,000 ठेवले होते आणि बदल्यात सही केलेले दोन कोरे चेक घेतले होते. भाभींच्या नावावर महिला गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज, बाकी 26,000. भाभींच्या दोन बांगड्या बँकेत गहाण, त्यावर 35,000. आणि नंदुरबारच्या भावाकडून हातउसने 20,000. एकूण 1,99,000.

यादी नुसती बघितली तर सर्वांत मोठं कर्ज कागदवाल्याचं. पण घर पोखरत होतं व्याजखोराचं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर महिन्याला 5,000 गेले, एकूण 25,000, आणि त्याच्या लेखी मुद्दल एका रुपयाने कमी झालेलं नव्हतं. हे असं कर्ज कुठल्याच नोंदीत दिसत नाही. मायक्रोफायनान्सला रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत. कंपनीने कागदावर तो पाळलाही होता. व्याजखोराचे पाच हजार त्या कागदावर येणार तरी कुठून?

जकात घेता येते का

इथे पहिली अडचण आली ती खुद्द भाईंकडून. पुराच्या आदल्या रमजानपर्यंत ते स्वतः जकात देत होते. "मी देणारा माणूस आहे, माझं नाव घेणाऱ्यांच्या यादीत कशाला?" असं म्हणून ते उठून गेले. दोन दिवसांनी आमच्या मुफ्तीसाहेबांनी त्यांना मशिदीत बसवून कबीसा बिन मुखारिक यांची हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वचनाची नोंद, सांगितली. ती सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. कबीसांनी दुसऱ्यांसाठी जामीनकी घेतली होती आणि ते पैगंबरसाहेबांकडे (सल्ल.) मदत मागायला आले होते. तेव्हा सांगितलं गेलं की मागणं तीन जणांनाच जायज आहे: ज्याने अशी जामीनकी अंगावर घेतली तो, ज्याचा माल आपत्तीत नष्ट झाला तो, आणि ज्याच्या फाक्याची, म्हणजे उपासमारीची, त्याच्या कौमेतली तीन समजूतदार माणसं साक्ष देतील तो. दुसरा माणूस तर भाईच होते. त्यांना ते पटलं, आणि मला वाटतं की त्यांच्या मनावरचं ओझं पैसे मिळण्याच्या आधी, तिथेच थोडं उतरलं.

आम्ही साक्षीही घेतल्या, तीनच. पिढ्यानपिढ्या शेजारी राहणाऱ्या एक आजी, गेंडीगेटचा एक व्यापारी आणि मुलीच्या शाळेतल्या बाई. चौकशी म्हटलं की लोक दहा दारं ठोठावतात आणि घराची अब्रू चव्हाट्यावर आणतात. तीन जाणती माणसं पुरतात.

मग हिशेब. हनफी मसलकात, म्हणजे हनफी धर्मशास्त्र-परंपरेत, निसाब (इतकी शिल्लक असेल तर जकात द्यायची, घ्यायची नाही, ती मर्यादा) साडेसात तोळे सोनं (87.48 ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (612.36 ग्रॅम). त्या रमजानात चांदी किलोला लाखाच्या आसपास होती, म्हणजे चांदीचा निसाब साधारण 61,000. भाईंकडे उरलेला माल 18,000 चा, रोकड 3,000, कर्ज लाखाच्या वर. त्यांचा प्रश्नच नव्हता. घर भाड्याचं. स्कूटर आणि शिलाई मशीन गरजेच्या वस्तू, त्या धरत नाहीत. सय्यद, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या वंशातलं, घराणं नाही, हेही विचारून घेतलं, कारण सय्यदांना जकात चालत नाही.

भाभींचा हिशेब वेगळा करावा लागला आणि इथे अनेक कमिट्या गल्लत करतात. नवऱ्याची आणि बायकोची मालमत्ता शरियतमध्ये वेगळी आहे. बांगड्या भाभींच्या, माहेरच्या, 12 ग्रॅम. तेव्हाच्या भावाने साधारण 96,000. गहाण असल्या तरी मालकी त्यांचीच. नुसतं हे बघून एक सदस्य म्हणाले, "या तर साहिबे-निसाब (निसाबाइतकी मालमत्ता असलेल्या) झाल्या, यांना कशी देणार?" पण भाभींच्या नावावर 26,000 आणि 35,000 मिळून 61,000 कर्ज होतं. ते वजा केलं तर उरतात 35,000. निसाबाच्या बऱ्याच खाली. त्याही हकदार ठरल्या, स्वतःच्या हक्काने.

(आम्ही कोकणी लोक शाफई या दुसऱ्या मसलकाचे, गट हनफी. कर्ज वजा करण्याबाबत दोन्हींत फरक आहेत. माझी स्वतःची जकात मी शाफई पद्धतीने काढते, पण गटाचं वाटप एकाच पद्धतीने व्हावं म्हणून तिथे मुफ्तीसाहेबांचंच ऐकते.)

व्याजाचा पेच

सर्वांत जास्त वेळ गेला तो व्याजखोराच्या कर्जावर. दोघातिघांचं म्हणणं होतं की जकातीचा पैसा व्याजखोराच्या घशात घालायचाच नाही. त्यांची चीड मला समजते. पण कोरे चेक त्याच्याकडे, रोज संध्याकाळी त्याचा माणूस गल्लीच्या तोंडाशी उभा, आणि भाईंच्या आईला रक्तदाबाचा त्रास. या कर्जाला हात न लावता बाकीची फेडली असती तर घर मोकळं झालं नसतं.

रावपुऱ्यातल्या एका मराठी वकीलकाकांनी वाट मोकळी केली. गुजरातमध्ये 2011 चा सावकारी कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करता येत नाही, आणि बिनतारण कर्जावर वर्षाला 15 टक्के ही व्याजाची मर्यादा आहे. जानेवारी 2023 मध्ये गुजरात पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध मोहीम काढून गावोगाव लोकदरबार भरवले होते, त्यामुळे ही मंडळी कायद्याचं नाव ऐकलं की जरा जमिनीवर येतात. काकांनी एका कागदावर गुजरातीत हिशेब लिहिला: प्रत्यक्ष दिलेले 45,000, त्यावर सहा महिन्यांचं 15 टक्क्यांनी 3,375, त्यातून मिळालेले 25,000 वजा, बाकी 23,375. व्याजखोराची मागणी होती 55,000.

भाई फिर्याद द्यायला तयार नव्हते. त्याच गल्लीत राहायचं होतं, घरात तरुण मुलगी होती. त्यांच्यावर जबरदस्ती करायचा आम्हाला हक्क नव्हता. काका आणि आमचे डॉक्टर दोघे त्या माणसाकडे गेले, कागद समोर ठेवला, आवाज न चढवता दीड तास बसले. 30,000 वर तडजोड झाली.

आता हे 30,000 कुठून द्यायचे? इथे मुफ्तीसाहेब आणि दुसरे एक मौलाना यांच्यात मतभेद झाला. मौलानांचं म्हणणं, जकातीत तमलीक झाली, म्हणजे हकदाराच्या हातात पैसे देऊन त्याला मालक केलं, की पुढे तो ते कुठे देतो हा त्याचा प्रश्न. मुफ्तीसाहेबांना हे नियमाने मान्य होतं, पण गटाने ठरवून, जाणूनबुजून व्याजाची रक्कम जकातीतून भरावी हे त्यांना रुचत नव्हतं. तोड निघाली ती अशी. हातात आलेले 45,000, परत गेलेले 25,000, म्हणजे खरं मुद्दल उरलं 20,000. ते जकातीतून. वरचे 10,000 वेगळ्या डब्यातून. या डब्यात गटातल्या लोकांच्या बचत खात्यावर बँकेने जमा केलेलं व्याज येतं. ते स्वतः वापरायचं नसतं, सवाबाची, म्हणजे पुण्याची, नियत न ठेवता गरजवंताला देऊन टाकायचं असतं. आमच्याकडे या डब्याची वही वेगळी, पावती वेगळी. प्रत्येक कमिटीने अशी वेगळी वही ठेवावी, असा माझा आग्रह आहे. दोन्ही पैसे एकत्र झाले की कुणाची जकात अदा झाली आणि कुणाची नाही, हे सांगणं अशक्य होतं.

पैसे भाईंच्या हातात दिले, ते घेऊन भाई, काका आणि डॉक्टर गेले. दोन्ही चेक परत आले. भाई ते तिथेच फाडायला निघाले होते. काकांनी थांबवलं, चेकवर आडवी रेघ मारून रद्द असं लिहिलं, व्याजखोराच्या सहीची पावती घेतली आणि तिन्ही कागद एका पाकिटात घालून भाभींकडे दिले.

कागदवाला, मेहुणा आणि मुलगा

कागदवाल्या शेठजींकडे आम्ही जकातीचा शब्दही काढला नाही. फक्त विचारलं, 68,000 पैकी 40,000 आत्ता मिळाले तर बाकीचं कसं? त्यांनी खातं काढलं, पुराच्या आठवड्यातली उचल बघितली आणि त्या उचलीतले 10,000 स्वतःच्या हाताने काट मारून माफ केले. उरलेले 18,000 पुढच्या उत्तरायणानंतर द्या, म्हणाले. सूरह बकराच्या 280व्या आयतीत हेच सांगितलं आहे: कर्जदार तंगीत असेल तर सवड द्या, आणि सोडून दिलंत तर ते अधिक चांगलं. शेठजी जैन. त्यांच्या माफीने जे काम केलं ते करायला आम्हाला चार लाखांवरची जकात लागली असती, कारण अडीच टक्क्यांनी 10,000 निघायला 4,00,000 लागतात. त्यामुळे आता आम्ही कुठल्याही प्रकरणात पैसे काढण्याआधी प्रत्येक धनकोला, म्हणजे ज्याला पैसे परत द्यायचे आहेत त्याला, सवडीबद्दल विचारतो.

नंदुरबारच्या भावाचा फोन आला. बहिणीच्या घरासाठी त्याला करायचं होतं. म्हणाला, "ते वीस हजार मी सोडले, माझ्या जकातीत धरतो." हे चालत नाही. बुडीत येणं माफ करून जकात अदा होत नाही, त्यात तमलीक नाही. भावाने बहिणीला किंवा मेहुण्याला जकात देणं मात्र जायज आहे, उलट नात्यातल्याला दिल्याने सवाब दुहेरी. म्हणून मुफ्तीसाहेबांनी त्याला वाट दाखवली: आधी जकात म्हणून वीस हजार पूर्ण त्यांच्या हवाली कर, काही अट घालू नकोस, मग तुझं येणं वेगळं माग. त्याने तसंच केलं. रात्री तरावीहनंतर, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजनंतर, भाईंच्या फोनवर पैसे आले. दुसऱ्या दिवशी भाईंनी स्वतःहून परत पाठवले आणि सोबत लिहिलं, "तुमचं देणं." मेहुण्याचं उत्तर एका ओळीचं होतं: "दुल्हाभाई, हिशेब साफ."

हालोलच्या मुलाच्या पगारातून थोडी शिल्लक होती, तो साहिबे-निसाब होता आणि आपली जकात बापाच्या कर्जाला लावायला निघाला होता. आईबापाला जकात देता येत नाही, त्यांना सांभाळणं हे मुलाचं कर्तव्यच आहे. त्याने बांगड्यांचं कर्ज आपल्या पगारातून फेडायचं अंगावर घेतलं आणि जकात गावातल्या एका विधवा आत्याला दिली.

राहिलं भाभींचं मायक्रोफायनान्स. मुदतीआधी फेडलं तर दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. 26,000 भाभींच्या हातात दिले, त्या स्वतः जाऊन बंद करून आल्या. गटातून एकूण जकात गेली 86,000. इतकी जकात निघायला 34,40,000 चा साठा लागतो. ती सात जणांची होती. एकाच घरावर एवढी रक्कम का, म्हणून कुरबूर झाली. त्याच पैशात पन्नासहून जास्त किट झाले असते, हे खरं. पण अर्धवट फेडलेलं व्याजी कर्ज चार महिन्यांत पुन्हा होतं तेवढं होतं. एखाद्या घराला हात घालायचा तर पूर्ण मोकळं करायचं, नाहीतर त्या वर्षी ते प्रकरण दुसऱ्या गटाकडे द्यायचं, हे माझं मत मी बैठकीत मांडलं आणि आजही तेच आहे. फोटो काढला नाही. एक देणगीदार फोटोसाठी अडून बसले होते, त्यांची रक्कम आम्ही या प्रकरणात घेतलीच नाही.

पुढच्या हंगामासाठी भांडवल हवंच होतं. जकातीचा पैसा उसना म्हणून फिरवता येत नाही. म्हणून लिल्लाह, म्हणजे जकातीव्यतिरिक्त स्वेच्छेने दिलेल्या, देणग्यांतून उभ्या केलेल्या वेगळ्या फंडातून 25,000 कर्जे-हसना दिलं, बिनव्याजी. कागद आणि बांबू या वेळी भाभींच्या सांगण्यावरून शेजारच्या पक्क्या घराच्या वरच्या मजल्यावर ठेवला, महिना 700 भाडं देऊन.

आजची स्थिती

2026 चं उत्तरायण बरं गेलं. शेठजींचे 18,000 जानेवारीतच दिले गेले. कर्जे-हसनातले 15,000 परत आले, 10,000 बाकी आहेत. बांगड्यांवरचे 9,000 राहिलेत, मुलगा भरतो आहे. व्याजखोराचा माणूस पुन्हा दिसला नाही.

एक गोष्ट मात्र पुन्हा उघडली. जून 2025 मध्ये मुलीच्या कॉलेजची फी आली. मायक्रोफायनान्सवाले कर्ज बंद झाल्यापासून नवं घ्या म्हणून दारात येतच होते. भाभींनी 30,000 उचलले. गटात यावर चांगलीच जुंपली. "मग फेडलं कशाला?" असं एकाने विचारलं. मी भाभींच्या बाजूने बोलले. मुलीची फी ही चैन नाही, आणि जूनमध्ये त्यांनी आमच्याकडे यायचं तर आमच्याकडे काय होतं? रमजानची जकात रमजानातच वाटून संपलेली. जकात हातात धरून महिनोन्महिने थांबवणं मुफ्तीसाहेबांना मंजूर नाही, आणि तेही बरोबरच आहे.

पण जकातीचं वर्ष रमजानलाच संपतं असं नाही. ज्याच्याकडे निसाब ज्या तारखेला झाला त्या चांद्र तारखेपासून त्याचं वर्ष. लोक सोयीसाठी आणि सवाबासाठी रमजान धरतात. मी गटातल्या सगळ्यांच्या तारखा विचारल्या, तर दोघांचं वर्ष जिल्हज्ज या चांद्र महिन्यात पूर्ण होतं. 2026 मध्ये तो महिना मे-जूनमध्ये येतो. त्या दोघांची जकात या वर्षी रमजानच्या गोळ्यात घ्यायची नाही, असं ठरलं आहे. वस्तीतल्या ज्या चार घरांत यंदा बारावीनंतरचे प्रवेश आहेत, त्यांची यादी त्यांच्याकडे दिली आहे, आणि त्यात दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी भाभींच्या मुलीचं नाव आहे.